पाटीभर कोळंबी आणि एक आंतर्देशीय

सलोनीचं पत्र जानेवारीत आलं होतं आणि आता मे महिना लागला होता. मधल्या चार महिन्यांत गंगाराम पावसे यांनी त्या पत्राचं उत्तर सोडून बाकी सगळं केलं होतं. त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं, कव्हरावर पत्र आल्याची तारीख घातली होती आणि ते कपाटात चरित्रांच्या रांगेत, आडवं न टाकता उभं ठेवलं होतं. चौतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या माणसाच्या हातून कागदाची आबाळ होत नाही. उत्तर तेवढं सुचत नव्हतं.

सलोनी ही त्यांची एकुलती एक मुलगी. भोपाळला असते, रेल्वेत पुलांची इंजिनियर आहे. म्हणजे अमुक पुलावरून गाडी जाऊ द्यायची की नाही हे ती ठरवते आणि खाली सही करते. आपल्या घरात इतकं ठाम माणूस कुठून जन्माला आलं याचं गंगारामभाऊंना नेहमी नवल वाटे. ते स्वतः रिक्षात बसून अर्धा रस्ता गेल्यावरसुद्धा, आपण बसलेलं रिक्षावाल्याला आवडलं असेल ना, असा विचार करत.

पत्रात तिने लिहिलं होतं: "बाबा, फोनवर तुम्ही 'बरं आहे' म्हणता आणि मी पुढचं विचारायच्या आत 'ठेवतो' म्हणता. म्हणून पत्र लिहितेय. तुम्ही दिवसभर काय करता ते मला लिहून कळवा. एकाच दिवसाचं लिहा, पण खरं लिहा. आई गेल्यापासून मला तुमचं काहीच कळत नाही. मेअखेरपर्यंत उत्तर आलं नाही तर तुमच्याकडे लिहिण्यासारखं काही उरलं नाही असं मी समजेन, रजा काढून येईन आणि तुम्हाला कायमचं इकडे घेऊन जाईन."

आता यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल. पण पावशांच्या घरात पत्रं लिहिण्याचं खातं पहिल्यापासून पत्नीकडे होतं. सलोनी होस्टेलला होती तेव्हा पत्नी चार पानं लिहायची आणि तळाशी दोन बोटं जागा सोडून कागद त्यांच्यापुढे सरकवायची. त्या जागेत ते "अभ्यास कर. तब्येत सांभाळ. – बाबा" असं लिहीत. वडील म्हणून त्यांचं समग्र लेखन एवढंच.

तरी त्यांनी प्रयत्न केला. पहिला मसुदा असा झाला: "सकाळी उठलो. चहा घेतला. वाचलं. जेवलो. वाचलं. झोपलो." मजकूर खरा होता, शुद्धही होता, पण हे पत्र मिळाल्यावर सलोनी मेअखेरपर्यंत थांबली नसती, त्याच दिवशी गाडीत बसली असती. दुसऱ्या मसुद्यात त्यांनी चहात आलं घातलं. तिसऱ्यात वाचलेल्या पुस्तकांची नावं दिली, तर ते पत्र न वाटता खरेदीची यादी वाटायला लागलं. अकराव्या मसुद्यानंतर त्यांच्या लक्षात आलं की दोष लेखनशैलीचा नसून दिवसाचा आहे.

भोपाळला जायचंच नव्हतं असं नाही. लेकीकडे जावं असं त्यांना रोज दुपारी तीन ते पाच वाटायचं. पण आपण होऊन जाणं वेगळं आणि तिने येऊन उचलून नेणं वेगळं. गाडी बंद केलेल्या पुलासारखं आपल्यावर लाल फडकं लावून कुणी नेऊ नये, एवढा स्वाभिमान त्यांच्यात होता. तो ते कुणाला दाखवत नसत, इतकंच.

तेव्हा मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी ठरवलं की लिहिण्यासारखं एक काम करायचं आणि मग ते लिहायचं. पत्नी दर मे महिन्यात सलोनीसाठी सोडे करून पाठवायची. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. भोपाळला समुद्र नाही, त्यामुळे तिथे त्यांची किंमत दागिन्यासारखी. पत्नी गेल्यापासून तीन वर्षं ते बंद होते. आपण किलोभर कोळंबी आणावी, सोलावी, वाळवावी, पाठवावी. जास्तीत जास्त दोन दिवसांचं काम.

सकाळी सातला ते पिशवी घेऊन रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर गेले. होड्या लागल्या होत्या, पाट्यांचे लिलाव चालले होते. गंगारामभाऊ एका खांबाला धरून, कुणाच्या वाटेत न येता, पंधरा मिनिटं उभे राहिले. शेवटी मासळीच्या राशीमागे बसलेल्या एका म्हातारीनेच त्यांना हेरलं.

"कोण तो? गंगाराम ना तू? हर्ण्याच्या तांडेलाचा?"

ती हिरा. मूळची हर्ण्याची, त्यांच्याच आळीतली, लग्न होऊन इकडे आलेली. गंगारामभाऊंचे वडील होडीवर तांडेल होते, म्हणजे होडीचे कप्तान. मुलाला मात्र होडीत पाय ठेवला की भोवळ यायची, म्हणून त्याला शाळेत घातलं.

"काय पायजे तुला?" हिराने विचारलं.

"कोळंबी. किलोभर."

हिराने शेजारणीकडे बघितलं. शेजारणीने तिच्या शेजारणीकडे बघितलं. बातमी त्या क्रमाने जेटीच्या टोकापर्यंत गेली.

"ऐकलंस गो? तांडेलाचा पोर किलोभर मागतोय. याचा बापूस आमच्या दारात फुकट पाटी ठेवून जायचा."

"सोडे करायचे आहेत," गंगारामभाऊ खालच्या आवाजात म्हणाले. "मुलीला पाठवायला."

"सोडे? किलोभराचे? मुलीला पाठवतोस की मुलीच्या मांजरीला?"

जेटीवर सगळे हसले. गंगारामभाऊ आयुष्यात पुष्कळदा गप्प बसले होते. प्राचार्यांपुढे बसले होते, वाढीव वीजबिलापुढे बसले होते. पण आता प्रश्न वडिलांच्या अब्रूचा होता. त्यांचा हात आपोआप वर गेला आणि तोंडातून शब्द निघाले, "पाटी द्या. अख्खी."

पाटीत बारा किलो कोळंबी होती. रिक्षात पायांशी पाटी ठेवून घरी येईपर्यंत त्यांची छाती फुगलेली होती. स्वयंपाकघरात पाटी उतरवल्यावर छाती हळूहळू खाली बसली. एक कोळंबी सोलायला त्यांना चार मिनिटं लागली आणि सोलल्यावर जे हाती उरलं त्याला कोळंबी म्हणणं धाडसाचं होतं. त्यांनी पाटीकडे बघून मनात हिशेब केला. या गतीने काम दिवाळीला संपत होतं.

म्हणून अर्ध्या तासात तीच पाटी, तोच रिक्षावाला आणि तीच जेटी. हिरा जराही आश्चर्यचकित झाली नाही. "बस इथे," ती म्हणाली. "डोकं काढायचं, पाठीवरचा धागा ओढायचा, साल उलटी काढायची. पुस्तक नाय ते, पानं मोजत बसू नको." चार बायका सोलायला बसल्या आणि त्यांच्यात पाचवे गंगारामभाऊ. त्यांच्या जातीत, कुळात, गावात जन्मलेल्या कुठल्याही पोराला दहाव्या वर्षी येणारी गोष्ट ते सत्तराव्या वर्षी शिकत होते. दुपारी बारापर्यंत त्यांनी एकशे चाळीस सोलल्या. शेवटच्या पन्नास हिराने तपासून पाहिल्या आणि काही बोलली नाही. तिच्याकडून हे प्रशस्तिपत्रकच होतं.

खरी अडचण पुढे होती. गंगारामभाऊ राहात होते त्या इमारतीचं नाव 'सागरदर्शन'. सागर तिथून दिसत नाही; पूर्वी दिसायचा, मग समोर 'सागरतरंग' झाली. मे महिन्यात या इमारतीची गच्ची म्हणजे वाटणी झालेली जमीन असते. कुणाच्या कुरडया, कुणाची आमसुलं, कुणाचे फणसपापड, आणि टाकीजवळची उन्हाची सगळ्यात चांगली जागा आगाशेवहिनींच्या आंबापोळीची. दीपाली आगाशे या तळमजल्यावर राहणाऱ्या, त्यांच्या घरात अंडंसुद्धा नावाने उच्चारत नसत.

सेक्रेटरी सुजय हा चाळिशीचा, नियमांवर प्रेम असलेला माणूस. तो म्हणाला, "काका, माझी वैयक्तिक हरकत नाही. मी स्वतः खातो. पण गच्चीवर ओली मासळी हा विषय धोरणात्मक आहे. लेखी अर्ज द्या."

आणि इथे एक चमत्कार घडला. मुलीला सात ओळी लिहायला चार महिने न पुरलेल्या माणसाने वीस मिनिटांत दोन पानी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, तीन परिच्छेद, सोबत गच्चीचा नकाशा आणि त्यावर बाणाने दाखवलेली वाऱ्याची दिशा. खाली "आपला विश्वासू". सुजयने तो उभ्याउभ्या वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, "काका, एवढा चांगला अर्ज नामंजूर करायची माझी हिंमत नाही. पण आगाशेवहिनींची सही आणा."

आगाशेवहिनींनी अर्ज चष्मा लावून वाचला. "सलोनीसाठी का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"वारा दुपारनंतर पश्चिमेचा असतो. तुम्ही पूर्वेच्या कोपऱ्यात बसा, मी पश्चिमेला आहेच. आणि पावसेभाऊ, राखणीला स्वतः बसायचं हं. नुसती जाळी टाकून खाली गेलात तर मी सही मागे घेईन."

दुपारी दोन वाजता मीठ लावलेली कोळंबी चटईवर पसरली गेली आणि इमारतीतला प्रत्येक माणूस सल्ला द्यायला वर येऊन गेला. कावळ्यांसाठी काळी पिशवी टांगा. काळ्या पिशवीने कावळे जास्त येतात, लाल टांगा. जुन्या सीड्या लटकवा. मांजरीसाठी संत्र्याची सालं ठेवा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त गृहस्थांनी मोबाइलवर गरुडाचा आवाज लावून ठेवायला सांगितलं. तो लावल्यावर कावळे आले नाहीत, पण खालून दोन पोरं आली आणि गरुड कुठे आहे म्हणून तासभर हलली नाहीत.

शेवटी गंगारामभाऊंनी एक छत्री, एक काठी, एक खुर्ची आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन ठाण मांडलं. चार दिवस ऊन होतं आणि चार दिवस ते होते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली, "काका, बसलाच आहात तर माझ्या कुरडयांवर लक्ष ठेवाल?" तिसऱ्या दिवशी कुणी विचारेनासंच झालं, लोक ताट ठेवून, "काका आहेत" एवढं म्हणून खाली जायला लागले. आमसुलं किती वाजता उलटायची, फणसपापडावरचं फडकं कधी काढायचं, हे त्यांनी एका वहीत मांडलं. ताटांना क्रमांक दिले. दुपारी चारला वहिनी चहा घेऊन वर यायच्या आणि पश्चिमेच्या कोपऱ्यातून, मोठ्याने, त्यांच्याशी बोलायच्या. मधे बारा फूट अंतर आणि वारा.

चौथ्या दिवशी मात्र घात झाला. पुस्तकात एका माणसाला फाशी होणार होती आणि गंगारामभाऊ ती टळते का हे बघत होते. तेवढ्यात एका घारीने झडप घातली, पंजात सोडा उचलला, वहिनींच्या कोपऱ्यावरून वळण घेतलं आणि कशाने कोण जाणे, तो सोडला. सोडा आंबापोळीच्या बरोबर मधोमध पडला. ओलसर पोळीवर तो असा बसला की मुद्दाम सजावटीला लावल्यासारखा.

गंगारामभाऊंनी इकडेतिकडे बघितलं. गच्चीवर दुसरं कुणी नव्हतं. सोडा उचलून टाकला असता तर जगात कुणालाही कळलं नसतं. ते दोनदा उठले, दोनदा बसले, आणि मग चार मजले उतरून वहिनींच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, माझ्याकडून अपराध झाला आहे," त्यांनी सगळं सांगितलं. घारीची दिशा, वेळ, स्वतःचा निष्काळजीपणा आणि पुस्तकाचा पृष्ठक्रमांक.

वहिनी सुरी घेऊन वर आल्या. पोळीचा वीतभर तुकडा कापला, सोड्यासकट केळीच्या पानात गुंडाळला आणि त्यांच्या हातात दिला.

"तेवढी पोळी झालीच नव्हती," त्या म्हणाल्या. "आणि भाऊ, हे यांना सांगू नका. तुम्हाला सगळं सगळ्यांना सांगायची खोड आहे."

"खोड नाही, वहिनी. मला काहीच कुणाला सांगता येत नाही," गंगारामभाऊ म्हणाले.

"मग आत्ता काय केलंत?" वहिनी म्हणाल्या आणि सुरी पुसत खाली गेल्या.

बारा किलो कोळंबीचे चार दिवसांनी एक डबाभर सोडे झाले. गंगारामभाऊ त्या डब्याकडे बराच वेळ बघत राहिले. गुलाबी, कडक, एकसारखे. पत्नीचे थोडे जास्त गुलाबी व्हायचे, हे त्यांनी मनाशी मान्य केलं. पण हे आपण केले, यावरही ते ठाम राहिले. एखाद्या गोष्टीवर ते सलग पाच मिनिटं ठाम राहिल्याची ही पहिलीच वेळ असावी.

डब्याला वास येऊ नये म्हणून तो हवाबंद करायला हवा होता. रत्नागिरीत मे महिन्यात लोक आपापले आंबे नेऊन आमरस डब्यात भरून घेतात. त्या कॅनिंगवाल्याकडे ते सोडे घेऊन गेले. तो म्हणाला, "आमचं मशीन झाकण दाबतं. आत काय आहे ते मशीनला कळत नाही. फक्त काका, माझे सगळे डबे छापील आहेत." अशा रीतीने सोड्यांच्या डब्यावर हापूस आंब्याचं मोठं चित्र आलं.

पोस्टात खिडकीशी संदेश नावाचा कारकून होता. त्याने डबा बघितला, वजन केलं, फॉर्म पुढे केला आणि स्वतःच म्हणाला, "आंबा ना? लिहा, आमरस."

"नाही," गंगारामभाऊ म्हणाले. "सोडे आहेत."

संदेशचा हात थांबला. "काका, मी विचारलं का?"

"चित्र आंब्याचं आहे, म्हणून गैरसमज होऊ नये..."

"अहो, मला गैरसमज झाला होता, तो चांगला होता. आता तुम्ही सांगितलंत. सुकी मासळी पार्सलात घ्यायची नाही असं मला वरून सांगितलंय. वास सुटला तर पूर्ण थैलीतली पत्रं वास मारतात."

"हवाबंद आहे."

"मग आत काय आहे ते फॉर्मवर नीट वर्णन करून लिहा. मी साहेबांना दाखवतो. बघू."

गंगारामभाऊ बाजूच्या टेबलाशी गेले. 'वस्तूचे वर्णन' अशी एक ओळ होती. त्यांनी लिहायला सुरुवात केली. सोडे. स्वतः वाळवलेले. मिरकरवाड्याहून आणलेल्या एका पाटीचे. मी किलोभरच घेणार होतो, पण हिराने माझ्या वडिलांचं नाव काढलं. ओळ संपली. त्यांनी समासात लिहिलं. समास संपला, ते मागच्या बाजूला गेले. एकशे चाळीस कोळंब्या मी सोलल्या. घारीचंही लिहिलं, वहिनींचं नाव न घेता. दहा मिनिटांनी संदेश स्वतः उठून आला.

"काका, हे फॉर्मवर मावत नाही. आणि साहेबांना विचारून आलो, ते नाही म्हणालेत. पार्सल नाही जायचं." मग तो कागदाकडे बघत राहिला, नको इतका वेळ. "पण हे आहे ना, हे वेगळ्या कागदावर लिहा. आंतर्देशीय देऊ का एक?"

गंगारामभाऊंनी आंतर्देशीय घेतलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी मसुदा केला नाही. अर्ध्यावर आले तेव्हा खिशातला फोन वाजला. वहिनी होत्या. "भाऊ, कुठे आहात? कुरडयांवर कावळे बसलेत, आणि आठ नंबरचं ताट कुणाचं ते कुणाला कळत नाहीये."

"वहिनी, अर्ध्या तासात येतो. आत्ता कामात आहे," ते म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच फोनकडे बघत राहिले. निवृत्त झाल्यापासून त्यांनी हे वाक्य कुणालाही म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी पुढे लिहिलं: "सोडे तुला पाठवता आले नाहीत, कारण मी खरं सांगितलं. तूही खरं लिहायला सांगितलं होतंस, म्हणून लिहितो. गेले काही दिवस सोडले तर माझ्या दिवसात सहा ओळींइतकंच घडत होतं. दुपारी तीन ते पाच घर फार मोठं वाटतं. मी फोन लवकर ठेवतो, कारण आणखी थोडं बोललो तर आवाजावरून तुला कळेल अशी भीती वाटते. तू पुलांवर सही करतेस हे मी जेटीवर, गच्चीवर, रिक्षात सगळ्यांना सांगतो. तुझ्याशी बोलताना ते राहून जातं. मला तुझा फार अभिमान वाटतो. मला कायमचं घेऊन जायला येऊ नकोस. माझ्याकडे सध्या अकरा ताटांची जबाबदारी आहे. पण मेअखेर रजा काढणारच होतीस, तर राहायला ये. आठ दिवस तरी ये. सोडे मी रांधेन. कसे ते हिराला विचारून ठेवतो. परत जाशील तेव्हा, तू म्हणालीस तर, तुझ्याबरोबर थोडे दिवस येईन. माझा मी येईन. – बाबा."

"बाबा" लिहिताना जागा उरली नव्हती, म्हणून ते कडेला उभं लिहावं लागलं.

संदेशने खिडकीतून हात पुढे केला. "द्या, मीच टाकतो थैलीत."

"नको," गंगारामभाऊ म्हणाले. "माझं मी टाकतो."

डबा काखेत मारून ते बाहेर आले. एरवी त्यांनी पत्र पुन्हा वाचलं असतं, एखादा शब्द खोडला असता, "फार" जास्त होतंय का याचा विचार करत ते घरी घेऊन गेले असते. त्यांनी कडा ओली केली, चिकटवली, अंगठ्याने दाबली, आणि पेटीच्या तोंडात हात मनगटापर्यंत घालून पत्र सोडलं.